आधी आई पाहावी

आमच्या घरात आजवर दोन पिल्ले आली. पहिले आणायला आम्हाला पाऊण तास लागला. दुसरे आणायला पाच महिने. पहिले वाढल्यावर आमच्या मुलीच्या हाताला कडाडून चावले. दुसरे, मी हे लिहीत असताना, माझ्या चपलेवर हनुवटी टेकून निवांत झोपले आहे. हा फरक नशिबाचा, असे मी पुष्कळ दिवस मानत होतो. आता मानत नाही. तो फरक पाऊण तास आणि पाच महिने यांतला आहे.

दिवाळीच्या सुमारास घरोघरी मुलांचे हट्ट सुरू होतात. नवे कपडे, किल्ल्यावरची चित्रे, फटाके हे जुने हट्ट. हल्ली त्यांत ‘बाबा, आपण कुत्रा घेऊ या ना’ हा एक नवा आला आहे. तो हट्ट पुरवू नये, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. तो कसा पुरवावा, हे सांगण्यासाठी आहे. आणि सांगणारा मनुष्य या बाबतीत एकदा सपशेल नापास झालेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. नापास झालेल्या विद्यार्थ्याला विषय कधी कधी पहिल्या वर्गात आलेल्यापेक्षा अधिक नेमका कळतो, असा माझा अनुभव आहे.

पाण्यात म्हैस

मुलगी आठ वर्षांची होती. शहरात एका विक्रेत्याकडे ‘अस्सल अल्सेशियन’ पिल्ले आल्याचे कोणी तरी सांगितले, फोनवर छायाचित्रही दाखवले. आम्ही तिघे स्कूटरवर बसून गेलो. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पिल्ले होती. एक कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मुलगी म्हणाली, “हे बिचारं घाबरलंय, आपण हेच घेऊ.” तिच्या या दयेचे आम्हा दोघांनाही मोठे कौतुक वाटले.

“याची आई कुठे आहे?” सौ.ने विचारले.

“आई गावाकडच्या फार्मवर असते, ताई. बाप तर चँपियन आहे. कागद मागाहून येतील.”

वय पंचेचाळीस दिवस सांगितले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दात पाहून जेमतेम महिन्याचे असावे, असे सांगितले. कागद आजतागायत आले नाहीत. पाण्यात म्हैस आणि वर मोल, ही म्हण मी वर्गात किती तरी वेळा समजावून दिली असेल. पण स्वतःचे पाकीट काढताना ती आठवली नाही.

त्याचे नाव राजा ठेवले. नाव राजाचे, पण जन्म भीतीत गेला. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली. पाहुण्याने छत्री मिटली की पलंगाखाली. दारातून पेपरवाला गेला की आधी गुरगुरणे आणि मग पलंगाखाली. आम्ही म्हणत असू, ‘लहान आहे, सुधारेल.’ तो लहान राहिला नाही आणि सुधारलाही नाही.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत माळा लागल्या. राजा पलंगाखाली थरथरत होता. त्याला धीर द्यावा म्हणून मुलीने आत हात घातला. किंकाळी ऐकून मी धावलो तेव्हा उजव्या तळव्यातून रक्ताची धार लागली होती. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटे धुतली आणि तसेच दवाखाना गाठला. राजाला लस दिलेली होती, तरीही डॉक्टरांनी तिची इंजेक्शने पूर्ण केली, आणि ते योग्यच होते; रेबीजच्या बाबतीत ‘पाहू, थांबू’ हे शब्द कोणी उच्चारू नयेत. त्या रात्री आमच्या लक्ष्मीसमोरचा दिवा कोणी तेवत ठेवला, मला आठवत नाही. मुलीचे एक वाक्य मात्र आठवते. पट्टी बांधताना ती म्हणत होती, “बाबा, त्याला मारू नका. तो घाबरला होता.”

वालूरचा आखाडा

माझे गाव वालूर, परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले. गावाची जुनी चक्राकार बारव आता दूरदूरची माणसे पाहायला येतात. पायऱ्या भोवऱ्यासारख्या गोल फिरत तळाला उतरतात. माझ्या लहानपणी ती गाळाने आणि झुडपांनी भरलेली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. थोरले बंधू गावीच शेती पाहतात. राजाला मी त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडले. दुसरा मार्ग सुचेना. आणि ज्याने आपल्याकडून कसलीच निवड केली नव्हती त्याला रस्त्यावर सोडणे मनाला पटेना.

दादांनी त्याला नीट पाहिले. मग मला विचारले, “मास्तर, याची माय कशी होती?”

“पाहिली नाही.”

“बाप?”

“तोही नाही.”

“वासरू घ्यायचं म्हटलं तर आपला बाप गाईच्या गोठ्यात दोन धारा काढून झाल्याबिगर बोलत नव्हता. आणि तू लेकराच्या अंथरुणापाशी जनावर आणलंस ते माय न बघता?” एवढे बोलून ते बैल सोडायला निघून गेले. मोठ्या भावाच्या बोलण्याला उत्तर द्यायची आमच्याकडे रीत नाही. शिवाय माझ्यापाशी उत्तर नव्हतेही.

राजा तिथे सहा वर्षे राहिला. वर्दळ नाही, कुकर नाही, त्यामुळे तो पुष्कळ निवळला. दादांच्या हातून भाकरी खाऊ लागला. पण आम्ही गेलो की कडब्याच्या गंजीआडून नुसता पाहत राही. मुलगी दूर बसून त्याच्याशी बोले. जवळ तो कधी आला नाही.

खाण तशी माती, पण किती?

स्वभाव रक्तातून येतो की वळणातून, हा वाद माणसांच्या बाबतीत कधी मिटणार नाही. जनावरांच्या बाबतीत मात्र काही गोष्टी प्रयोगाने पाहिल्या गेल्या आहेत. सोव्हिएत रशियात नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने 1959 साली चंदेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग आरंभिला. ल्युडमिला त्रुत या बाईंनी तो पुढे अनेक दशके चालवला. कोल्ह्यांना शिकवायचे काहीच नाही. फक्त प्रत्येक पिढीतले माणसाला कमीत कमी बुजणारे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. सहाव्या पिढीपर्यंत माणूस दिसताच शेपूट हलवणारी, हात चाटणारी कोल्ह्याची पिल्ले जन्माला येऊ लागली! खाण तशी माती, ही आपली म्हण तिथे पिंजऱ्यापिंजऱ्यातून खरी ठरली.

पण तेवढ्यावर थांबू नये. अमेरिकेतल्या बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1965 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे, असे त्यांनी दाखवले. या दिवसांत जी माणसे, जे आवाज, जे स्पर्श ओळखीचे होतात, ते जन्मभर आपले वाटतात. तिथल्याच 1961 सालच्या एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न लाभलेली पिल्ले पुढे रानातल्या जनावरासारखी माणसाला बुजत राहिली.

म्हणजे पिल्लू आपल्या घरी येते तेव्हा त्याच्या स्वभावाचे दोन धडे आधीच गिरवून झालेले असतात. एक आईबापांच्या रक्तातला, दुसरा विक्रेत्याच्या अंगणातला. आपण तिसरे शिक्षक. पहिले दोघे कोण होते याची चौकशी न करता आपण जर शाळा मांडली, तर निकालाबद्दल कुरकुर करू नये. राजाला महिन्याचा असतानाच आईपासून तोडले होते. भावंडांशी खेळताना किती जोराने चावले म्हणजे दुसरा ओरडतो, हे पिल्लू ज्या दिवसांत शिकते, ते दिवस त्याचे खोक्यात गेले.

नकार देणारा माणूस

गेल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात राजा गेला. दादांनी त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरले. पोळ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा मुलगी तिथे बराच वेळ उभी राहिली; आता ती पंधरा वर्षांची झाली होती. परतताना म्हणाली, “बाबा, आपण पुन्हा एक आणू या. या वेळी नीट आणू.”

या ‘नीट’ शब्दापायी आमचे पाच महिने गेले.

तिच्या मनात कारवानी कुत्रा भरला होता. मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हे सडपातळ, लांब पायांचे, वाऱ्यासारखे धावणारे कुत्रे फार दिवसांपासून पाळतात. कानांवर, शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेल्यास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातले जानवळ हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून त्याला मुधोळ हाउंड हेही नाव पडले. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचे होते.

दसरा झाल्यावर आम्ही लातूरकडे एका जुन्या पाळणाऱ्याकडे गेलो. मी प्रश्नांची यादी नेली होती. पण यादी खिशातच राहिली. प्रश्न त्यांनीच विचारले. राहता कुठे? कितव्या मजल्यावर? दिवसभर घरी कोण असते? पळायला मोकळे रान किती लांब? घरात कुत्रा पाळला होता का, त्याचे काय झाले? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर मुलीनेच दिले, तळवा पुढे करून.

गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग मादीला हाक मारली. ती आली, आमच्यापासून चार हात अंतर ठेवून उभी राहिली. ना भुंकली, ना लाडात आली. ते म्हणाले, “बघा, ही भित्री नाही. पण परक्याने अंगाला हात लावलेला हिला खपत नाही. यांची जातच तशी आहे. ससा दिसला की मागे बघत नाही. तुमच्या दोन खोल्यांत हिचं लेकरू वेडं होईल. पैसे मला नको आहेत असं नाही, पण तुम्हाला देणार नाही.”

मुलीचे डोळे भरून आले. मला मात्र बाहेर पडताना त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले. सात वर्षांपूर्वी असा एक नकार मिळाला असता तर! वाचकहो, चांगला पाळणारा ओळखण्याची ही पहिली खूण समजा: तो विकण्याची घाई करत नाही, तुमची परीक्षा घेतो. मुलगी देताना बाप जसा स्थळाची चौकशी करतो, तशी तो करतो. आणि ‘कधी जमले नाही तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडे परत आणा’ असे आपण होऊन सांगतो.

काय पाहावे, काय विचारावे

त्या पाच महिन्यांत पशुवैद्यांकडून, पाळणाऱ्यांकडून आणि दादांकडून जे शिकलो ते थोडक्यात देतो.

आई तिच्या राहत्या जागी, पिल्लांसकट पाहावी. ‘आज आजारी आहे’, ‘गावाकडे आहे’, ‘बांधून ठेवली आहे, चावते’ यांपैकी काहीही ऐकू आले तर नमस्कार करून निघावे. ‘आम्हीच पिल्लू घेऊन तुमच्याकडे येतो’ असे म्हणणाऱ्यालाही तोच नमस्कार.

आई गुरगुरली तर लगेच नाव ठेवू नये. पिल्ले अगदी लहान असताना परक्यावर गुरगुरणे हा तिचा धर्म आहे. पण पिल्ले सहा-सात आठवड्यांची झाली, मालक शेजारी उभा आहे आणि तो तिला शांत शब्दाने सांगतो आहे, अशा वेळी ती काही मिनिटांत निवळली पाहिजे. शेपूट पोटाशी घेणे, डोळ्यांचे पांढरे दाखवणे, मागे सरणे आणि पाठ वळताच पोटरीकडे झेपावणे ही भीतीची लक्षणे. राग एक वेळ परवडेल, भीती परवडणार नाही. भ्यालेले जनावर कधी चावेल ते त्यालाही ठाऊक नसते.

मालकाचा आवाज ऐकून ती जवळ येते की दबते, तेही पाहावे. घराची खरी कहाणी तीच सांगते.

बाप जवळपास असेल तर तोही पाहावा. दुसऱ्याचा असेल तर कोणाचा, हे विचारावे आणि जाऊन पाहावे. लॅब्राडोर, अल्सेशियन यांसारख्या मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो. तेव्हा आईबापांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, स्वभाव सांगत नाही.

पिल्ले घराच्या वावरात वाढताहेत की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हे पाहावे. भांड्यांचा आवाज, लहान मुले, केरसुणी, पाहुणे या सगळ्यांची त्यांना ओळख हवी.

पिल्लांची निवड करताना फार पांडित्य नको. आठ आठवड्यांच्या पिल्लाची परीक्षा घेऊन त्याचा पुढचा स्वभाव ठामपणे सांगता येत नाही, असे अभ्यासकांना आढळले आहे. मात्र जे आवाजाने दचकते आणि क्षणात सावरून पुढे येते ते चांगले. जे कोपरा सोडतच नाही त्याच्यावर दया करून ते लहान मुलांच्या घरी आणू नये. आमच्या दयेची किंमत मी वर सांगितलीच आहे.

कायदाही माहीत असावा. 2017 सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण करायची नाही, आणि एका मादीची जन्मात पाचांहून अधिक वेते घ्यायची नाहीत. नोंदणीचा कागद दाखवा म्हटल्यावर जो हसतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

शेवटी, पैसे देण्याआधी पशुवैद्याला दाखवण्याची मुभा मागावी. जंतांचे औषध आणि पार्व्हो व डिस्टेंपरची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, पुढे चार महिन्यांपर्यंत तिचे डोस चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर. ‘सगळ्या लसी झाल्या’ असे दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कोणी सांगितले, तर ते खोटे आहे एवढे कळण्यापुरते गणित आपल्यालाही येते.

हुरड्याच्या दिवसांत

कारवानी मिळाला नाही. पण कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दादांचा निरोप आला, शेजारच्या आखाड्यावरची गावरान कुत्री व्याली आहे, येऊन बघून जा. पिवळी, मध्यम बांध्याची, साधी कुत्री. बाप त्याच आखाड्यावरचा, काळ्या तोंडाचा. कोणाच्या भिंतीवर प्रमाणपत्र नाही, पण दोघांचेही सगळे आयुष्य अख्ख्या शिवाराने पाहिलेले. यापेक्षा चांगली वंशावळ कोणती?

आम्ही तीनदा गेलो. पहिल्या वेळी पिल्ले तीन आठवड्यांची होती. आईने आम्हाला गोठ्याच्या दारातच अडवले, आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या वेळी सालगड्याने हाक मारताच ती बाजूला झाली. त्याची लेकरे पिल्लांमध्ये लोळत होती. एकाने ताटली पाडली. पिल्ले उडाली आणि लगेच ताटली हुंगायला परत आली. तिसऱ्या वेळी हुरड्याची आगटी पेटली होती, माणसांची गर्दी होती. आई त्या गर्दीतून शांतपणे हिंडली, मुलीजवळ आली, तिचा तळवा हुंगला आणि शेजारी बसली. मुलगी हलली नाही. सौ.ने माझा हात घट्ट धरला होता, तो बऱ्याच वेळाने सोडला.

संध्याकाळी दादा आणि मी बारवेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी म्हटले, “दादा, एका गावरान पिल्लापायी केवढा खटाटोप झाला.”

ते म्हणाले, “काठावरून दगड मोजता येतात, मास्तर. पाणी गोड की मचूळ, ते उतरल्यावरच कळतं.”

संक्रांतीनंतर, नऊ आठवडे पुरे झाल्यावर, पिल्लू आम्ही घरी आणले. शेजाऱ्याने पैसे घेतले नाहीत. वर्षाने आणून मायला दाखवा, एवढेच म्हणाले. मोती आता मोठा झाला आहे. गेल्या आठवड्यात गल्लीत पहिला फटाका वाजला तेव्हा तो ताडकन उठला, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा बसला. त्याला सगळे येते असे नाही. चपला तो अजून पळवतो. पण कुत्र्याने भिऊ नये आणि मुलाने कुत्र्याला भिऊ नये, एवढे घरात साधले.

राजाचा दोष नव्हता, हे मुलीने नवव्या वर्षीच ओळखले होते. मला सात वर्षे लागली. त्याची आई कुठल्या अंधाऱ्या खोलीत होती, तिला किती वेते झाली होती, तिला कोणी कधी मायेने हाक मारली होती का, हे मला आजही ठाऊक नाही. ते विचारायचे काम माझे होते, आणि त्या दिवशी मला पाऊण तासाहून अधिक सवड नव्हती.